मागच्या सीटचा पट्टा



मागच्या आठवड्यात ग्रुपवर एक जुना फोटो आला. रामबागेतल्या एका घरासमोर उभी असलेली फियाट, दसऱ्याचा हार घातलेली. आत-बाहेर मिळून अकरा माणसं आणि बॉनेटवर बसवलेलं एक पोर. खाली बऱ्याच जणांनी लिहिलं, "काय मजबूत गाड्या होत्या! आताच्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे." मीही अंगठा दाखवून मोकळा झालो. पण त्या रात्री झोप लागेना. एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे, ती लिहूनच टाकावी असं वाटलं. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्हा इंदूरकरांचं मोटारीशी नातं जुनं. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्युसेनबर्ग जगभरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना आजही माहीत आहे. इंजिन आणि चासी अमेरिकन, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. १९३० च्या दशकातली ही गाडी भलतीच वेगवान होती. पण त्या राजाच्या गाडीत जे नव्हतं, ते आमच्या काकांच्या फियाटमध्येही नव्हतं. बसलेल्या माणसाला जागेवर धरून ठेवणारा पट्टा.

काकांच्या फियाटला पुढे बाकासारखी सलग सीट होती आणि गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढे तिघं, मागे पाच, आणि लहान पोरं हिशोबात धरायचीच नाहीत. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरायचा तेव्हा मी मागे उभा असायचो, पुढच्या सीटची पाठ धरून, काका-काकूंच्या डोक्यांच्या मधोमध. तिथून रस्ता छान दिसायचा. तशी जागा मिळावी म्हणून आम्हा भावंडांत मारामारी व्हायची.

सुरक्षितता म्हणजे काय, तर दसऱ्याला हार, पुढे लिंबू-मिरची, खलघाटला नर्मदेत एक नाणं, आणि धुळ्याकडे निघालो असलो तर सेंधव्याच्या घाटात बिजासनी मातेला नारळ. हे सगळं मी आजही करतो, त्याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. फक्त एवढंच, की देवीचं काम देवीकडे आणि आपलं काम आपल्याकडे, अशी वाटणी आम्ही कधी केलीच नाही.

आता त्या "मजबूत" गाड्यांबद्दल. मी कॉमर्सवाला माणूस, इंजिनीअर नाही. पण रिटायर झाल्यावर वाचलं ते सांगतो. गाडी आदळते तेव्हा टक्कर एक नसते, तीन असतात. पहिली गाडीची, समोरच्या वस्तूशी. दुसरी आतल्या माणसाची, डॅशबोर्डशी, काचेशी किंवा पुढच्या सीटशी. तिसरी माणसाच्या शरीराच्या आत, मेंदूची कवटीशी आणि काळजाची बरगड्यांशी. जाड पत्र्याची गाडी पहिल्या टकरीत फारशी चेपत नाही, म्हणून आपण तिला मजबूत म्हणतो. पण न चेपल्यामुळे ती एकदम थांबते आणि तो सगळा धक्का आतल्या माणसाकडे जातो. गाडी शाबूत आणि माणूस गेलेला, असं पूर्वी का व्हायचं ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मर्सिडीज कंपनीतल्या बेला बारेन्यी नावाच्या इंजिनीअरने हा विचार उलटा केला. गाडीचं नाक आणि शेपूट मुद्दाम चेपतील असे करायचे, आणि माणसं बसतात तो मधला भाग तेवढा टणक ठेवायचा. या पद्धतीची त्यांची गाडी १९५९ मध्ये बाजारात आली. म्हणजे आजच्या गाडीचं बॉनेट अपघातात कागदासारखं चुरगळतं तेव्हा तिने आपलं काम केलेलं असतं.

त्याच १९५९ साली स्वीडनमध्ये आणखी एक गोष्ट झाली. निल्स बोलिन नावाचा इंजिनीअर आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या सीटवर काम करायचा. विमान पडायला लागलं की वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकणाऱ्या त्या सीट. व्होल्वो कंपनीने त्याला आपल्याकडे घेतलं. तोपर्यंत मोटारीत पट्टे होते ते बहुतेक नुसते पोटावरचे. धक्क्यात माणूस कमरेतून दुमडायचा आणि डोकं पुढे आपटायचंच. बोलिनने एकच पट्टा खांद्यावरून छातीवर तिरका आणि मग मांड्यांवरून आडवा नेला, आणि बाजूला खाली एका खटक्यात अडकवला. एका हाताने लावता येतो, एका हाताने काढता येतो. आज आपल्या सगळ्यांच्या गाडीत आहे तो हाच. व्होल्वोने त्याचं पेटंट घेतलं, पण इतर कंपन्यांनाही तो वापरायची मोकळीक दिली. पुढे १९६७ मध्ये बोलिनने स्वीडनमधल्या २८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला आणि पट्ट्याने माणसं वाचतात हे आकड्यांनी दाखवलं.

मग कायदे आले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये पट्टा लावणं सक्तीचं केलं. ब्रिटनने पुढच्या सीटसाठी १९८३ मध्ये केलं, आणि मागे बसणाऱ्या मोठ्या माणसांसाठी १९९१ मध्ये. तिथेही मागच्या सीटची आठवण आठ वर्षं उशिरा झाली, हे लक्षात ठेवा.

आणि आपल्याकडे? उत्तरपाड्याला अँबॅसेडर बनू लागली १९५७ मध्ये. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये. पुढच्या सीटला पट्टा बसवणं कंपन्यांना बंधनकारक झालं मार्च १९९४ मध्ये. बोलिनच्या पट्ट्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी. त्या पस्तीस वर्षांत आग्रा-मुंबई रस्त्यावर आपल्या ओळखीतली कोण कोण माणसं गेली, हे तुम्ही आठवून बघा. माझ्याच डोळ्यांसमोर चार घरं येतात.

आता माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतो.

मी बँकेत बरीच वर्षं कर्जं मंजूर करण्याच्या टेबलावर होतो. मारुती आल्यावर आपल्या मराठी मध्यमवर्गाने पहिल्यांदा गाडीचं कर्ज काढलं, आणि कित्येक फायलींवर माझ्या सह्या आहेत. आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन चढलं का, विम्यात बँकेचं नाव आलं का, मार्जिन भरलं का, सगळं मी दोन-दोनदा तपासायचो. गाडीच्या किमतीचा पैसा न् पैसा सुरक्षित. आत बसणाऱ्या माणसांबद्दल त्या फॉर्मात एकही रकाना नव्हता, आणि कधी तो असावा असं माझ्याही मनात आलं नाही.

२००५ मध्ये मी स्वतः नवी गाडी घेतली. तिला मागेही पट्टे होते. चौथ्या दिवशी सीट कव्हर बसवायला गेलो. छान मरून रंगाचं मखमली कापड निवडलं. दुकानातला पोरगा विचारायला लागला, "बाबूजी, पीछे के बेल्ट के लिए कट लगाना है क्या?" मी म्हणालो, "रहने दो, पीछे कौन लगाता है." कट मारला की कव्हरचा लुक बिघडतो, हेही मनात होतं. त्याने पट्टे आणि खटके सगळं कव्हरखाली दाबून टाकलं. सीट एकदम गुळगुळीत दिसायला लागली. मी खूश.

डिसेंबर २००६. धुळ्याला लग्न होतं. परत येताना गाडी मी चालवत होतो, माझ्या शेजारी भाऊजी. मागे माझी बायको, आणि ताई. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, तेव्हा एकसष्ट वर्षांची. तिच्या मांडीवर तिची नात, लेकीची मुलगी, चार वर्षांची. वाटेत पोलीस पावती फाडतात म्हणून पुढे आम्ही दोघांनी पट्टे लावले होते. मागच्यांना कोण विचारतो? आपल्याकडे मागची सीट म्हणजे मानाची जागा. घरातली मोठी माणसं, बायका, लेकरं, पाहुणे मागे बसणार. ज्यांना सगळ्यांत जपायचं त्यांना तिथे बसवतो, आणि पट्टा मात्र पुढच्याला.

तेव्हा तो रस्ता चौपदरी नव्हता. जुलवानिया सोडून ठीकरीकडे येत होतो. संध्याकाळची वेळ, उजेड धड नाही आणि अंधारही नाही. समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले, आणि ते गेल्यावर दिसलं की कापसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी आहे. ना दिवा, ना लाल काच. मी ब्रेक दाबला. साठवरून वेग चाळीसपर्यंत आला असेल. तेवढ्यात आदळलोच.

भाऊजींना आणि मला छातीवर तिरका निळा वळ उठला, दुसरं काही नाही. बायकोचे दोन्ही गुडघे सुजले. ताई पुढच्या सीटच्या पाठीवर फेकली गेली. उजवा खांदा निखळला आणि दंडाचं हाड मोडलं. पोर तिच्या हातातून सुटून दोन सीटच्या मधल्या खाचेत अडकली होती. हनुवटी फाटली, पुढचे दोन दात गेले. वाचली, हे त्या मातेचेच उपकार.

एका ट्रकवाल्याने आम्हाला धामनोदपर्यंत आणलं. दवाखान्याच्या फाटकात उतरवून म्हणाला, "साब, हमारा नाम मत लिखवाना." आणि निघून गेला. त्याला नीट धन्यवादही देता आले नाहीत. मदत करणारा पोलिसांच्या चौकशीत अडकतो अशी भीती तेव्हा सगळ्यांनाच होती. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्ये अशा मदतनीसांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगून ठेवा, म्हणजे रस्त्यावर कोणी पडलेलं दिसलं तर ती थांबतील.

ताईचा खांदा नंतर बसवला, प्लॅस्टर निघालं, मालिश झालं. पण हात पहिल्यासारखा झाला नाही. रामबागेतल्या बायकांच्या भजनी मंडळात ती तीस वर्षं पेटी वाजवत होती. अपघातानंतर दोन अभंग झाले की तिचा हात भरून यायचा. हळूहळू पेटी दुसरीकडे गेली आणि ती मागे बसून नुसती म्हणायला लागली. तिने गाडीला, ट्रॉलीवाल्याला, मला, कोणालाच कधी दोष दिला नाही. ती एकच वाक्य म्हणायची. पोरीच्या हनुवटीवरची खूण दिसली की म्हणायची, "मीच नीट धरायला हवं होतं रे हिला."

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मी दार लावून आत बसलो आणि मागचं कव्हर उचकटलं. खाली खटके होते, अगदी कोरे. एकावर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं. मी ब्लेडने कव्हरला कट मारले, पट्टे वर काढले, आणि कोणाला काही बोललो नाही.

३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता. सकाळी विमानतळाकडे जाताना चौकात दुसरी गाडी येऊन धडकली. ते मागच्या सीटवर होते. तेव्हा टीव्हीवर पहिल्यांदाच मागच्या पट्ट्याची एवढी चर्चा झाली. मी आणि ताई तिच्या घरी बातम्या बघत होतो. तिने विचारलं, "मागे बसणाऱ्यालाही पट्टा असतो का रे?"

मी म्हणालो, "असतो काही गाड्यांना."

एवढंच म्हणालो. पुढच्या वर्षी ताई गेली.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. गाडी चांगली महागाची, सगळ्या सोयींची. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं तपासात पुढे आलं. त्या रात्री मी डायरीच्या मागच्या पानावर एक हिशोब मांडला. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण अकरा मीटर. आदळल्यावर गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली असं धरा. सोळा किलोच्या पोरीला तेवढ्या वेळात हातांनी थांबवून धरायचं तर जोर किती लागेल? सुमारे एकशे ऐंशी किलोचा. दोन पोती गहू उचलण्याइतका, तोही अचानक, बसल्या जागी, एकसष्ट वर्षांच्या बाईने, आणि ती स्वतःही त्याच वेगाने पुढे फेकली जात असताना.

म्हणजे ताईच काय, कोणताही पहिलवान त्या पोरीला धरू शकला नसता. ज्यासाठी ती नऊ वर्षं स्वतःला बोल लावत राहिली, तो तिचा दोष नव्हताच. हे तिला सांगायची वेळ २०१४ मध्ये त्या टीव्हीसमोर होती. हिशोब तेव्हा मांडलेला नव्हता, पण कव्हरखालचे खटके मी पाहिले होते. सांगितलं असतं तर कव्हराचंही सांगावं लागलं असतं, म्हणून गप्प बसलो.

आता थोडं आजचं. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे दिवसाला साडेचारशेहून जास्त. त्यात सीट बेल्ट न लावलेले १६,७१५ होते. यातले ८,३८४ गाडी चालवणारे आणि ८,३३१ नुसते बसलेले. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. बसलेल्यालाही तेवढीच जोखीम असते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

मागे बसणाऱ्याने पट्टा लावायचा हा नियम मिस्त्रींच्या अपघातानंतर आलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो आधीपासून होता, फक्त कोणी विचारत नव्हतं. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड हजार रुपये झाला. त्यातली खरी गोम ही, की प्रवाशाने पट्टा लावला नाही तरी जबाबदार चालवणारा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यात किंवा त्याच्या खास सीटमध्ये बसवलं नाही तरी दंड आहे. माझ्या हातात स्टीअरिंग आहे म्हणजे मागच्यांचा भार माझ्यावर, हे कायद्याने लिहिलं ते मला पटतं. मला ते तेरा वर्षं आधीच कळलं होतं, पण फार महागात.

गाड्याही सुधारल्या. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच खपाऊ गाड्या आपटून बघितल्या, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही शून्यावर होत्या. आता ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे आणि पाच तारे मिळवणाऱ्या देशी गाड्याही आहेत. पण पट्ट्याशिवाय एअरबॅग म्हणजे उलट धोका. फुगा डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटून अंगावर येतो. पट्टा माणसाला मागे धरेल, या हिशोबानेच तो केलेला असतो. आणि आपली माणसं इतकी हुशार, की टूं-टूं आवाज बंद करायला नुसते खटके विकत मिळायला लागले! शेवटी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन दुकानांवरून ते हटवायला सांगावं लागलं.

तर मंडळी, उपदेश नाही, विनंती आहे. आज गाडीचं मागचं कव्हर उचलून बघा. पट्टे खाली दबलेले असतील तर वर काढा. आडवा पट्टा पोटावर नाही, खाली कंबरेच्या हाडावर बसला पाहिजे, आणि तिरका खांद्यावरून, काखेतून नाही. पोटुशी बाई असेल तर आडवा पट्टा पोटाच्या खालून. लहान मुलाला त्याची वेगळी सीट घ्या. आपण पहिल्या वाढदिवसाला हॉल बुक करतो, त्याच्यापुढे हा खर्च काहीच नाही. लेकराला मांडीवर घेऊन आपल्या पट्ट्यात दोघांना गुंडाळू नका, धक्क्यात आपलाच भार त्याच्यावर येतो. मागच्या काचेखाली जड वस्तू ठेवू नका. लग्नाहून येताना मिळालेली पितळेची समई तिथे ठेवायची आपली सवय, तीही वेगाने पुढे येते. आणि मोठी माणसं "मला गुदमरतं" म्हणाली, तरी पाया पडून लावा.

या दिवाळीत ताईची ती नात पुण्याहून आली होती. आता नोकरी करते, स्वतः गाडी चालवते. आम्हा दोघांना घेऊन राजवाड्याकडे निघाली. मी मागे बसलो होतो. गाडी सुरू करायच्या आधी तिला सगळं सांगितलं. कव्हर, कट, दुकानातला पोरगा, टीव्हीसमोरचं माझं उत्तर. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग मागे वळून म्हणाली, "मामाआजोबा, आजीला सांगायला हवं होतंत." मी म्हणालो, "हो." मग तिने आधी माझा पट्टा ओढून बघितला, मग बायकोचा, आणि गाडी काढली.

तो जुना फोटो खरंच छान आहे. त्यातली सगळी माणसं नीट घरी पोचली असतील अशी मला आशा आहे. तुमच्याकडेही असे फोटो असतील तर टाका. पण गाडी मजबूत होती असं लिहिण्याआधी, त्या गाडीतून कोण कुठे गेलं आणि कोण परत आलं नाही, तेही आठवून लिहा. आपल्या समाजाचा तोही इतिहासच आहे.

नर्मदे हर.